मेलिना मार्केट्टा आणि तिसऱ्या पिढीची कहाणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची संधी मंडळाने आम्हांस दिली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. विषयाची निवड आमच्यावरच सोपविण्यात आली होती. अशा प्रसंगी ज्ञानेश्वरीवर बोलावे, गडकऱ्यांवर बोलावे, निदान मराठी रंगभूमीवर तरी बोलावे, असा रिवाज आहे. आम्ही मात्र एका ऑस्ट्रेलियन लेखिकेवर आणि तिच्या एका कादंबरीवर बोलणार आहोत. ही कादंबरी घर सोडून फार दूर गेलेल्या एका कुटुंबाची आहे. तीत आजी आहे, आई आहे आणि नात आहे. आणि त्या तिघींमध्ये जे वर्षानुवर्षे बोलले गेले नाही, त्याची ती गोष्ट आहे. मुलुखाबाहेर संसार थाटलेल्या आपणां सर्वांस ती ऐकावीशी वाटेल, असा आमचा विश्वास आहे.

लेखिकेचे नाव मेलिना मार्केट्टा. कादंबरीचे नाव 'लुकिंग फॉर अलिब्रांडी', म्हणजे 'अलिब्रांडीच्या शोधात'. ती १९९२ साली प्रसिद्ध झाली.

कादंबरीकडे वळण्यापूर्वी त्या देशाची थोडी पार्श्वभूमी सांगणे अवश्य आहे. १९०१ साली सहा वसाहती मिळून ऑस्ट्रेलियाचे संघराज्य झाले, आणि त्याच वर्षी त्या संघराज्याने परकीयांच्या आगमनावर निर्बंध घालणारा कायदा केला. बंदरावर उतरलेल्या माणसाला कोणत्याही युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा सांगून लिहावयास लावावा, आणि जो नको असेल त्याला न येणारी भाषा नेमून नापास करावे, अशी त्यातली युक्ती होती. आशियातील लोकांना, म्हणजे अर्थातच आपल्यालाही, दार बंद करण्याची ती सभ्य रीत होती. हे श्रुतलेखन १९५८ साली संपले. वंश पाहून माणसे निवडण्याच्या धोरणाचे उरलेसुरले अवशेष व्हिटलम सरकारने १९७३ साली मोडीत काढले.

इटालियन माणूस गोरा, ख्रिस्ती आणि युरोपीय. तेव्हा त्याला हे दार सर्वस्वी बंद नव्हते. १८९१ पासूनच इटालियन मजूर क्वीन्सलंडच्या ऊसमळ्यांत कामास येऊ लागले होते. पण आत घेणे निराळे आणि आपले म्हणणे निराळे. दुसऱ्या महायुद्धात इटली शत्रुपक्षात गेल्याबरोबर यांतल्या कितीतरी लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. युद्धानंतर देशाला माणूसबळ हवे होते, म्हणून १९५१ साली इटलीशी करार करून पुन्हा हजारोंना आणण्यात आले. त्यांनी ऊस तोडला, रस्ते बांधले, धरणे बांधली, फळभाज्यांची दुकाने घातली. आणि त्यांच्या मुलांना शाळेत 'वॉग' ही शिवी ऐकून घ्यावी लागली. इटालियन, ग्रीक, लेबनानी, सगळ्यांना मिळून ही एकच शिवी होती.

मार्केट्टाबाई या लोकांतल्या. त्यांचा जन्म सिडनीत १९६५ साली एका इटालियन वंशाच्या कुटुंबात झाला. पंधराव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली. अभ्यास आपल्याला जमणार नाही, असा न्यूनगंड त्यांच्या मनात बसला होता. पुढे त्यांनी कचेरीच्या कामाचे शिक्षण घेतले, बँकेत नोकरी केली, प्रवासी कंपनीत नोकरी केली, आणि या नोकऱ्यांच्या काळात लिहावयास आरंभ केला. शाळेने ज्या मुलीच्या मनात धास्ती निर्माण केली, तिची पहिली कादंबरी शाळेच्या शेवटच्या वर्षावर असावी, आणि ती तिच्या देशातल्या शाळाशाळांतून अभ्यासास लावली जावी, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे. हस्तलिखित काही प्रकाशकांकडून परत आले. अखेर पेंग्विनने ते स्वीकारले, आणि पुढच्याच वर्षी, १९९३ साली, चिल्ड्रन्स बुक कौन्सिल ऑफ ऑस्ट्रेलिया या संस्थेने मोठ्या मुलांच्या साहित्यासाठी दिला जाणारा आपला पुरस्कार या पुस्तकास दिला.

इतक्या यशानंतर दुसरा लेखक असता तर लगोलग दुसरे पुस्तक घेऊन आला असता. मार्केट्टाबाईंचे दुसरे पुस्तक आले ते अकरा वर्षांनी, २००३ साली. मधल्या काळात त्यांनी शिक्षणशास्त्राची पदवी घेतली होती, आणि सिडनीतील एका कॅथॉलिक शाळेत त्या मुलग्यांना शिकवीत होत्या. ही शिक्षकी त्यांनी सुमारे दहा वर्षे, २००६ पर्यंत केली. तरुण मुले खरोखर कशी बोलतात, कशाला हसतात, कोणत्या गोष्टीवर मौन धरतात, हे त्यांच्या पुढच्या पुस्तकांत इतके अचूक उतरले आहे, त्याचे मूळ या वर्गखोल्यांत आहे असे आम्हांस वाटते.

आता कादंबरीकडे येऊ.

मुलगा किंवा मुलगी लहानपणाच्या उंबरठ्यावरून मोठेपणात कशी येते, हे सांगणाऱ्या कादंबऱ्यांची परंपरा सर्वच साहित्यांत आहे; आपल्याकडे 'कोसला'चे (१९६३) नाव चटकन ओठांवर येते. ऑस्ट्रेलियात ही परंपरा विशेषतः स्त्रियांनी चालविली. माइल्स फ्रँकलिन यांची 'माय ब्रिलियंट करिअर' १९०१ सालची, हेन्री हँडल रिचर्डसन यांची 'द गेटिंग ऑफ विज्डम' १९१० सालची. दोन्ही नावे पुरुषी आहेत. दोघी लेखिका स्त्रिया होत्या. दुसऱ्या कादंबरीतली लॉरा मेलबर्नच्या मुलींच्या वसतिशाळेत येते, आणि आपली विधवा आई भरतकाम करून आपली फी भरते हे मैत्रिणींपासून दडवू पाहते. घराची लाज वाटणे आणि मग त्या लाजेचीच लाज वाटणे, या दोन पायऱ्यांवरून लॉराही जाते, आणि ऐंशी वर्षांनंतर जोसेफीन अलिब्रांडीही जाते.

जोसेफीन, घरची जोसी, सतरा वर्षांची आहे. शिष्यवृत्तीवर ती सिडनीतल्या श्रीमंत मुलींच्या एका कॅथॉलिक शाळेत शिकते. शेवटचे वर्ष आहे. तेथील न्यू साउथ वेल्स प्रांतात बारावीच्या परीक्षेला एच.एस.सी. असेच म्हणतात, आणि त्या तीन अक्षरांनी घरात काय वातावरण तयार होते हे या सभागृहातील पालकांना आम्ही सांगावयास नको. जोसी हुशार आहे, तिखट जिभेची आहे, वकील व्हायची तिची जिद्द आहे. ग्लीब या भागात ती आईबरोबर राहते. आई क्रिस्तिना अविवाहित आहे. जोसीच्या जन्मापूर्वीच शेजारचा मुलगा, मायकल आंद्रेत्ती, आपल्या आईवडिलांबरोबर ॲडिलेडला निघून गेला. क्रिस्तिनाच्या वडिलांनी, फ्रान्चेस्को अलिब्रांडी यांनी, त्या कोवळ्या पोरीला घराबाहेर काढले. ते हयात असेतोवर मायलेकींना त्या घराचे दार उघडले नाही. ते गेल्यावर आजीने, नोन्ना कातियाने, दार उघडले. आणि तेव्हापासून जोसी शाळा सुटल्यावर आजीच्या घरी जाते, आणि आजीचे न संपणारे उपदेश ऐकते.

म्हणजे ही मुलगी दोन्हीकडून परकी आहे. शाळेतल्या गोऱ्या मुलींच्या लेखी ती 'वॉग'. इटालियन समाजाच्या लेखी ती बापाच्या नावाविना जन्मलेली. कोणी कोठे कोणाबरोबर दिसले याची वार्ता तिच्या आजीच्या मैत्रिणी टेलिफोनवरून सूर्यास्तापूर्वी शहरभर पोचवितात. 'लोक काय म्हणतील' या आपल्या तीन शब्दांना इटालियन भाषेतही तितकीच धार आहे, हे वाचताना पदोपदी ध्यानात येते.

त्या वर्षात तीन गोष्टी घडतात. पहिली, मायकल आंद्रेत्ती नामवंत वकील होऊन सिडनीत परत येतो. बापलेकीची पहिली भेट थंड, जवळजवळ वैराची आहे. आपण एकमेकांच्या आयुष्यात यायचे नाही, असे दोघेही ठरवितात. पण शाळेत एक मुलगी जोसीला ती शिवी देते, जोसी हातातले पुस्तक हाणून तिचे नाक फोडते, त्या मुलीचा वजनदार बाप खटल्याची भाषा बोलू लागतो, आणि कोंडीत सापडलेली जोसी नकळत ज्या माणसाला फोन करते तो मायकल. तो येतो. पुढे त्या दोघांत जे नाते हळूहळू रुजते, ते मार्केट्टाबाईंनी कोठेही अश्रू न ढाळता लिहिले आहे. सतरा वर्षे चुकविलेले बापपण एका मिठीत भरून निघत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट दोन मुलांची. जेकब कूट हा सरकारी शाळेतला, कामकरी घरातला. त्याची आई वारलेली. मोटारी दुरुस्त करण्याच्या धंद्यात पडावे ही त्याची इच्छा. जॉन बार्टन हा राजकारण्याचा मुलगा, जुन्या प्रतिष्ठित घराण्यातला, मोठ्या शाळेचा विद्यार्थी नेता. जोसीला जे जे हवेहवेसे वाटते, नाव, घराणे, 'आपण येथलेच' असे म्हणण्याचा निर्विवाद हक्क, ते सारे जॉनपाशी आहे. पण बापाच्या अपेक्षांखाली तो गुदमरतो आहे, आणि परीक्षेच्या ऐन काळात तो आपले जीवन संपवितो. ही घटना लेखिकेने कोणत्याही नाट्याविना, एका साध्या बातमीसारखी आणली आहे. तिचा अर्थ मात्र फार खोल आहे. परक्या म्हणून हिणविल्या गेलेल्या मुलीला वाटत होते की आपलेपणा मिळाला की सारे मिळाले. ज्याला तो जन्मतःच मिळाला होता, त्याच्या वाट्याला निवडीचे स्वातंत्र्य आलेच नव्हते. मुलांवर अपेक्षांचे ओझे टाकणे हा केवळ स्थलांतरितांचा दोष नव्हे, आणि त्या ओझ्याची किंमत काय असू शकते, हे सांगताना लेखिकेचा हात कापलेला नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती आजीची आहे.

नोन्ना कातिया कोवळ्या वयात सिसिलीहून नवऱ्यामागोमाग ऑस्ट्रेलियात आली. क्वीन्सलंडचा तो आडमुलूख, उकाडा, एकांत, भाषेचा गंध नाही, आणि नवरा तिला गोठ्यातल्या जनावराहून वेगळे न मानणारा. या एकाकी मुलीला एका परक्या माणसाने, मार्कस सँडफर्ड नावाच्या ऑस्ट्रेलियनाने, माणसासारखे वागविले. आजी हे सारे दुपारी दुपारी, थोडे थोडे, नातीला सांगत जाते. जोसी आरंभी कंटाळून ऐकते, मग लक्ष देऊन ऐकते. आणि एक दिवस, सांगितलेल्या वर्षांची आणि महिन्यांची मनाशी जुळणी करीत असता, तिच्या ध्यानी येते की हा हिशेब जमत नाही. क्रिस्तिना फ्रान्चेस्कोची मुलगी असणे शक्य नाही. तिचा बाप मार्कस सँडफर्ड.

जोसीचा संताप अनावर होतो, आणि तो न्याय्यच आहे. ज्या आजीने आपल्या लेकीला आयुष्यभर अब्रूचे पाठ दिले, नवऱ्याने तिला हाकलले तेव्हा जी गप्प बसली, तिच्याच पोटात हे गुपित होते! पण संताप ओसरल्यावर जोसीला दिसते ते निराळेच. आजीचे उपदेश तिने आजवर तटबंदीसारखे मानले होते. त्या तटबंदीमागे एक घाबरलेली तरुणी चाळीस वर्षे उभी होती. ज्याच्यावर जीव जडला त्याच्याबरोबर ती जाऊ शकली असती; ती गेली नाही. आपल्या लेकीला समाजात तोंड दाखविता यावे म्हणून ती न आवडत्या नवऱ्याच्या घरात राहिली, आणि मग त्याच समाजाच्या धाकाने त्या लेकीलाच तिला गमवावे लागले.

आता कादंबरीच्या नावाचा अर्थ उलगडतो. जोसी अलिब्रांडी हे आडनाव लावते ते आईचे म्हणून. आईचे ते म्हणून नव्हतेच. बापाचे आडनाव आंद्रेत्ती, रक्ताचे सँडफर्ड. शेवटी जोसी ही सारी आडनावे मनाशी मांडते, आणि त्यांतले कोणते खरे याचा घोर सोडून देते. ज्या बायकांनी तिला वाढविले त्यांची ती आहे, एवढे तिला पुरते. आमच्या मते जोसी मोठी होते ती परीक्षा संपल्यावर नव्हे, किंवा प्रेमात पडल्यावरही नव्हे. जेकबशी तिचे जमलेले नाते तर शेवटी सुटतेच. आजी ही आपल्याहूनही लहान वयात एकटी पडलेली एक मुलगी होती, हे ज्या दुपारी तिला कळते, त्या दुपारी ती मोठी होते.

कादंबरीत एक प्रसंग आहे, त्यावर दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. वर्षातून एकदा सारे अलिब्रांडी नातलग जमून टोमॅटो कुस्करतात, आणि वर्षभराचा रस करून बाटल्यांत भरून ठेवतात. आपल्याकडे कुरडया-पापडांच्या उन्हाळ्यात जसा वाडा गजबजतो तसे ते दृश्य आहे. जोसीला त्याची विलक्षण लाज वाटते. शाळेत कोणाला कळले तर आपण मेलोच, असे तिला वाटते. पण त्याच दिवशी, त्या लाल चिखलात हात माखलेले असताना, हेही तिला उमगते की यातून आपली सुटका नाही, आणि कदाचित आपल्याला ती नकोही आहे. २००० साली केट वुड्स यांच्या दिग्दर्शनाखाली या कादंबरीचा चित्रपट निघाला. पटकथा स्वतः मार्केट्टाबाईंनी लिहिली. त्या वर्षीचा ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार त्यास मिळाला.

पुढील लेखनाचा धावता आढावा घेऊ. 'सेव्हिंग फ्रान्चेस्का' (२००३) मध्ये घराचा कणा असलेली आई एके सकाळी खिन्नतेच्या आजाराने अंथरुणाला खिळते, आणि मुलीला आपला आवाज शोधावा लागतो. या पुस्तकासही २००४ साली तोच बालसाहित्याचा पुरस्कार मिळाला. 'ऑन द जेलिको रोड' (२००६) ही आईने टाकून दिलेल्या मुलीची कथा. तिला अमेरिकेतील प्रिंट्झ पुरस्कार २००९ साली मिळाला. 'द पायपर्स सन' (२०१०) आणि 'द प्लेस ऑन डलहाउझी' (२०१९) यांत फ्रान्चेस्काच्या मित्रमंडळातील मुले मोठी होऊन पुन्हा भेटतात.

मधेच २००८ साली त्यांनी एक अगदी निराळी, काल्पनिक राज्याची कादंबरी लिहिली, 'फिनिकिन ऑफ द रॉक'. तीत लुमातेर नावाच्या देशाचे लोक शापामुळे देशोधडीला लागून शेजारच्या राज्यांत छावण्या करून राहतात. राजपुत्र, शाप, भविष्यवाणी असा सारा जुन्या कहाण्यांचा साज आहे. पण त्या निर्वासितांची खरी चिंता कोणती? मुले आपली भाषा विसरत चालली आहेत, आणि मेलेल्यांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत. फिनिकिन ती नावे एका वहीत लिहीत हिंडतो. टोमॅटो कुस्करणारे अलिब्रांडी आणि वही घेऊन हिंडणारा फिनिकिन, या दोघांच्या मागे एकच लेखिका आहे, हे ओळखावयास वेळ लागत नाही. सिडनीतला इटालियन मोहल्ला असो की कहाणीतले राज्य, मुलूख सुटलेल्या माणसाने पुढच्या पिढीच्या हाती काय द्यावे, हाच प्रश्न मार्केट्टाबाई पुनःपुन्हा विचारतात.

बंधुभगिनींनो, हा प्रश्न आपलाही आहे. घर सोडून आलेला माणूस मुलांच्या हाती पहिल्यांदा नियम देतो. घरात मराठीच बोलायचे, चतुर्थीला हे, दसऱ्याला ते, अमक्यांच्या घरी असे वागायचे नाही. नियम देणे सोपे आहे आणि अवश्यही आहे. नियमांवाचून पहिल्या पिढीचा परक्या गावात निभाव लागला नसता. पण नियमामागची हकीगत आपण सहसा सांगत नाही. आजोबांनी गाव का सोडले, त्यात कर्ज होते की भाऊबंदकी, की केवळ नोकरी. आजी पहिल्यांदा या शहरी उतरली तेव्हा बाजारात कोणत्या भाषेत बोलली, कोणाजवळ रडली. कोणाशी संबंध तुटले आणि का, हे आपण झाकून ठेवतो. नातवाच्या हाती केवळ नियम उरतात. आणि कारण ठाऊक नसलेला नियम तरुण माणूस फार दिवस पाळीत नाही.

मंडळाच्या या स्मरणिकेत पन्नास वर्षांच्या कार्यकारिणींची नावे येतील, गणेशोत्सवांची आणि नाट्यप्रयोगांची छायाचित्रे येतील. ती यावीतच. परंतु प्रत्येक घराची खरी स्मरणिका त्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या मनात असते, आणि ती छापखान्यात जात नाही. प्रत्येक गुपित चव्हाट्यावर आणावे असे आमचे म्हणणे नाही. नोन्ना कातियानेही ते चव्हाट्यावर आणले नाही. तिने आपली कहाणी एका नातीला, स्वतःच्या घरात बसून, अनेक दुपारी सांगितली. तेवढ्याने त्या घरातले वैर निवळू लागले, आणि जिला या साऱ्याची लाज वाटत होती तीच मुलगी त्या घराची वारस झाली.

आपल्या घरांतल्या नातवंडांस ऐकण्याचा धीर लाभो, आणि आपल्या ज्येष्ठांस सांगण्याचा. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांस आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा.